परक्या बाजारातली टर्की

या सदरातून आपण बहुधा आपल्याच सणावारांविषयी बोलत असतो. ग्वाल्हेरीस पातोळ्यांसाठी हळदीची पाने कोठून आणावीत, बडोद्यास उकडीच्या मोदकांना कोणत्या तांदळाची पिठी चांगली, हैदराबादेस संक्रांतीच्या लाडवांसाठी चिकीचा गूळ मिळतो की नाही, असले प्रश्न महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांना नवे नाहीत. आज हाच प्रश्न आपण दुसऱ्याच्या घरी जाऊन पाहणार आहोत. अमेरिकेतील माणूस नोकरीसाठी, शिक्षणासाठी अथवा लग्न होऊन परदेशी राहावयास जातो, आणि नोव्हेंबर महिना अर्धा सरला की त्याला एका पक्ष्याची आठवण होऊ लागते. हा पक्षी म्हणजे टर्की. परक्या गावी ती मिळवावयाची कोठून, मिळाली तर शिजवावयाची कशात, आणि नच मिळाली तर सण साजरा झाला असे म्हणावयाचे की नाही, या विवंचनेत कित्येक अमेरिकन कुटुंबांचा तो महिना जातो. आमच्या शाकाहारी वाचकांनी एवढ्यावरूनच पान उलटू नये. येथे पाककृती दिलेली नाही, आणि जो प्रश्न विचारला आहे तो त्यांच्याही स्वयंपाकघरातला आहे.

नोव्हेंबरचा चौथा गुरुवार हा अमेरिकेत ‘थँक्सगिव्हिंग’चा, म्हणजे कृतज्ञतेचा दिवस. वर्षभरात जे पिकले, जे लाभले, त्याबद्दल आभार मानावेत हा त्याचा मूळ हेतू. परंतु नाताळाप्रमाणे तो एका धर्माचा सण राहिलेला नाही. ख्रिस्ती, ज्यू, मुसलमान, हिंदू आणि कोणताही धर्म न मानणारे असे सगळेच तो पाळतात. नवी वस्त्रे, भेटवस्तू, रोषणाई यांपैकी काहीच त्याला लागत नाही. दूरदूर पांगलेली मुले घरी यावीत, सर्वांनी एका मेजाभोवती बसावे आणि मेजाच्या मध्यभागी अखंड भाजलेली टर्की असावी, एवढेच लागते. सोबत पावाचे मसालेदार सारण, कुस्करलेले बटाटे, क्रॅनबेरी नावाच्या लाल आंबट फळांची चटणी आणि शेवटी लाल भोपळ्याचा ‘पाय’ हे ठरलेले पदार्थ असतातच. तरी पुरणपोळीवाचून होळी आणि टर्कीवाचून हा गुरुवार, दोन्ही सारखेच सुने.

आता या टर्कीचे मूळ शोधू जाता थोडी गंमत आढळते. अमेरिकेतील शाळांतून मुलांना शिकविले जाते ते असे, की १६२१ साली प्लिमथ येथील इंग्रज वसाहतकऱ्यांनी पहिले पीक हाती आल्यावर तेथील मूळच्या वांपानोआग लोकांसह मेजवानी केली, तोच पहिला थँक्सगिव्हिंग. मेजवानी झाली ही गोष्ट खरी. एडवर्ड विन्स्लो या वसाहतकऱ्याने त्याच वर्षीच्या डिसेंबरात लिहिलेल्या पत्रात तिचा उल्लेख आहे. तीन दिवस ती चालली, वांपानोआगांचे सुमारे नव्वद पुरुष आले होते आणि त्यांनी पाच हरणे आणून दिली, असे तो लिहितो. चार माणसे पक्ष्यांच्या शिकारीस पाठविली होती हेही तो सांगतो. पण पक्षी कोणते, ते सांगत नाही. त्या रानात टर्की पुष्कळ होत्या, म्हणून त्या मेजवानीत असतीलही. बदके आणि हंसही असतील. म्हणजे ज्या पक्ष्यासाठी आजचा अमेरिकन माणूस परदेशातले दहा बाजार पालथे घालतो, तो त्या पहिल्या पंक्तीत होता की नाही याचा लेखी पुरावा नाही. त्या मेजवानीनंतर पन्नास-साठ वर्षांच्या आत याच दोन समाजांत भीषण युद्ध झाले आणि मूळ रहिवाशांची वाताहत झाली. त्यामुळे १९७० सालापासून त्यांच्या वंशजांपैकी काही जण त्याच दिवशी प्लिमथ येथे जमून शोकदिन पाळतात. एकाच दिवसाला दोन घरांत दोन अर्थ असू शकतात, हे ध्यानात ठेवून पुढे जावे.

मग टर्की मेजाच्या मध्यभागी आली कशी? याचे पुष्कळसे श्रेय एका बाईंकडे जाते, आणि त्या बाई होत्या एका कौटुंबिक मासिकाच्या संपादिका! सारा जोसेफा हेल हे त्यांचे नाव. जन्म १७८८ चा, न्यू हॅम्पशरमधील. १८२२ साली पतीचे निधन झाले तेव्हा पदरी पाच मुले होती. उपजीविकेसाठी त्यांनी लेखणी हाती धरली. १८२७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘नॉर्थवुड’ या त्यांच्या कादंबरीत थँक्सगिव्हिंगच्या भोजनाचे सविस्तर वर्णन आहे आणि त्यात मेजावर मानाची जागा भाजलेल्या टर्कीला दिलेली आहे. इंग्रजी शाळेत जाणारी आपली नातवंडे मेरी आणि तिच्या कोकराचे जे बालगीत म्हणतात तेही याच बाईंचे, १८३० सालचे. पुढे १८३७ पासून १८७७ पर्यंत, तब्बल चाळीस वर्षे, ‘गोडीज लेडीज बुक’ हे महिलांसाठी निघणारे मासिक त्यांनी सांभाळले. हा दिवस त्या काळी निरनिराळ्या राज्यांत निरनिराळ्या तारखांस पाळला जाई, आणि दक्षिणेत तर फारसा कोणी पाळतही नसे. साऱ्या राष्ट्राने तो एकाच दिवशी पाळावा म्हणून हेलबाईंनी १८४६ पासून आपल्या मासिकातून लेख लिहिले, पाककृती छापल्या, राज्यपालांना आणि एकामागून एक राष्ट्राध्यक्षांना पत्रे धाडली. अखेर देशात यादवी युद्ध पेटलेले असताना, २८ सप्टेंबर १८६३ रोजी त्यांनी अब्राहम लिंकन यांना पत्र लिहिले आणि ३ ऑक्टोबरला लिंकन यांची घोषणा निघाली : नोव्हेंबरचा अखेरचा गुरुवार हा सर्व राष्ट्राचा कृतज्ञतादिन.

पुढे तिथीचा वादही झाला. नाताळच्या खरेदीला अधिक दिवस मिळावेत म्हणून फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी १९३९ साली हा दिवस आठवडाभर अलीकडे आणला. काही राज्यांनी नवा गुरुवार पाळला, काहींनी जुनाच. स्मार्त आणि भागवत अशा दोन एकादश्या पाहिलेल्या आपल्या लोकांना याचे नवल वाटू नये. शेवटी १९४१ साली कायदा होऊन चौथा गुरुवार कायम झाला.

हेलबाईंनी मानाची जागा टर्कीलाच का द्यावी? याचे उत्तर त्या पक्ष्याच्या आकारात आहे. कोंबडीचे वजन दीड-दोन किलो, चार माणसांत ती संपते. भाजण्यासाठी तयार केलेली टर्की सहा ते नऊ किलोंची असणे अमेरिकेत नेहमीचे. कोंबडी अंड्यांसाठी आणि गाय दुधासाठी राखावी लागे. टर्की मात्र शेतावर चरून सुगीच्या सुमारास पोसलेली असे, आणि ती कापण्यात घराचे रोजचे नुकसान नव्हते. मुख्य गोष्ट ही, की टर्की एका छोट्या कुटुंबाला एका जेवणात संपत नाही. ती केली की माणसे बोलवावीच लागतात. मुले, जावई, शेजारी, ज्याला त्या दिवशी घर नाही असा एखादा सहकारी, एवढे जमल्यावाचून तिला अर्थ नाही. दहा-बारा पाने मांडली जातील असा पक्षी, हे टर्कीचे खरे लक्षण होय. वाचकांनी ही गोष्ट मनात ठेवावी. पुढील सगळा विचार तिच्यावर आधारलेला आहे.

जो पक्षी आज परदेशात शोधावा लागतो तो स्वतः मोठा प्रवासी आहे. त्याचे मूळ घर उत्तर आणि मध्य अमेरिका. मेक्सिकोच्या लोकांनी तो सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच माणसाळविला होता. सोळाव्या शतकाच्या आरंभी स्पॅनिश लोकांनी तो युरोपात आणला, आणि मग प्रत्येक देशाने हा पाहुणा दुसऱ्याच कोणत्या तरी देशाचा समजून त्याचे नाव ठेवले. इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचा म्हटले. तुर्क लोक त्याला ‘हिंदी’ म्हणतात, म्हणजे हिंदुस्थानचा. फ्रेंचांचे ‘दँद’ हे नावही ‘हिंदुस्थानचे’ या अर्थाच्या शब्दांवरून आले. डच भाषेतले ‘काल्कून’ हे नाव आपल्या कालिकतवरून पडले. पोर्तुगीज त्याला ‘पेरू’ म्हणतात, मलायात तो ‘डच कोंबडा’ होतो, आणि कैरोच्या बाजारात ‘रूमी कोंबडा’. जपानी लोकांनी देशाच्या भानगडीत न पडता त्याच्या मानेचे बदलते रंग पाहून त्याला ‘सात तोंडांचा पक्षी’ म्हटले. आपल्या मराठीत पेरू म्हणजे फळ, हिंदी कोशात मात्र पेरू म्हणजे हाच पक्षी. फळ आणि पक्षी, दोन्ही मूळचे अमेरिकेचेच पाहुणे, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

हिंदुस्थानात तो आल्याची एक प्रसिद्ध नोंद आपल्या गोव्याशी निगडित आहे. १६१२ साली जहांगीर बादशहाने मुकर्रबखान या आपल्या सरदारास पोर्तुगिजांकडील अपूर्वाईच्या वस्तू खरेदी करण्यास गोव्यास पाठविले. त्याने आणलेल्या प्राण्यांत एक टर्की होती. बादशहाने आपल्या आत्मचरित्रात तिचे बारकाईने वर्णन केले आहे : लांडोरीहून मोठी, मोराहून लहान, पिसारा फुलवून नाचणारी, आणि क्षणाक्षणाला डोक्याचा व मानेचा रंग पालटणारी. उस्ताद मन्सूर याने काढलेले तिचे चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात आहे. अमेरिकेत निघालेला पक्षी पोर्तुगिजांच्या गोव्यातून मोगल दरबारात आला तो खाण्यासाठी नव्हे, पाहण्यासाठी!

आता पुन्हा नोव्हेंबराकडे वळू. परदेशी राहणाऱ्या अमेरिकन गृहिणीची पहिली अडचण अशी, की टर्की जगात नाही असे नाही, पण ज्या दिवशी ती हवी त्या दिवशी नाही. इंग्लंडात टर्की हे नाताळचे पक्वान्न. तेथील शेतकरी पक्षी पोसतात ते डिसेंबरच्या अखेरीचा हिशेब धरून. चौथ्या गुरुवारी ताजी हवी असेल तर खाटकाला पुष्कळ आधी सांगून ठेवावे लागते, नाही तर गोठविलेलीवर भागवावे लागते. फ्रान्सात टर्कीच्या मांसाचे पातळ काप बारमाही मिळतात, परंतु अखंड पक्षी नाताळच्या आसपास येतो, आणि तोही अमेरिकन मापाने लहानखुरा. जर्मनीत तर नोव्हेंबरात दुकाने हंसांनी भरलेली असतात, कारण ११ नोव्हेंबर हा संत मार्टिन यांचा दिवस आणि त्या दिवसाचा मान हंसाचा. डेन्मार्कात त्याच सुमारास बदक. ज्या तुर्कस्तानचे नाव या पक्ष्याला लागले तेथेही अखंड टर्कीची मागणी वाढते ती ३१ डिसेंबरच्या रात्रीसाठी, म्हणजे महिनाभर उशिराने. प्रत्येक देशाचा आपापला पक्षी आहे आणि आपापली तिथी आहे. परक्याच्या तिथीला बाजार ओळखत नाही. श्रावणी सोमवारची फराळाची सामग्री केरळातल्या एखाद्या गावी मागावयास जावे, तसाच हा प्रकार.

दुसरी अडचण घरातली आहे. अमेरिकेतील ओव्हन ऐसपैस असतात. पॅरिसमधील जुन्या सदनिकेत अथवा टोकियोच्या लहानशा बिऱ्हाडात तसा ओव्हन कोठून असणार? जपानी स्वयंपाकघरात मासे भाजण्याची चपटी जाळी आणि मेजावर मावेल असा छोटा ओव्हन असतो. सात किलोंचा पक्षी त्यात शिरतच नाही. म्हणून अनुभवी मंडळी आधी ओव्हनचे माप घेतात आणि मग पक्ष्याची चौकशी करतात. गोठविलेली टर्की मिळाली तर ती फ्रीजच्या नेहमीच्या कप्प्यात हळूहळू सैल होऊ द्यावी लागते, आणि याला दर दोन किलोंमागे एक दिवस असा हिशेब धरतात. सात किलोंच्या पक्ष्याला तीन-चार दिवस लागतात आणि तेवढे दिवस लहानसा फ्रीज त्याच्याच स्वाधीन करावा लागतो. बाहेर ओट्यावर ठेवून घाई केली तर वरचे मांस नासू लागते आणि आतले बर्फच राहते. पुढे साधारण १६३ अंश सेल्सियस उष्णतेवर सुमारे चार तास भाजणे, आणि मांसाचा सर्वांत जाड भाग आतून ७४ अंशांपर्यंत तापला आहे याची खात्री करणे. ज्या देशात हा पक्षी कोणी अखंड भाजत नाही तेथे एवढ्या मोठ्या परातीपासून मांसात खुपसावयाच्या तापमापकापर्यंत प्रत्येक वस्तू शोधावी लागते.

तिसरी अडचण सर्वांत साधी आणि सर्वांत बोचरी. तो गुरुवार परदेशात कामाचा वार असतो. शाळा भरलेली, कचेरी उघडी, रस्त्यावर नेहमीची वर्दळ. आपल्या मनात सण आणि भोवतालच्या साऱ्या गावाला त्याची वार्ताही नाही, ही जाणीव परगावी राहिलेल्या प्रत्येकाला कधी ना कधी झालेली असते. परदेशातील बहुतेक अमेरिकन कुटुंबे म्हणूनच जेवण पुढच्या शनिवारावर नेतात.

या अडचणींतून ज्याने त्याने आपापली वाट काढली आहे. आखातातील आणि पूर्वेकडील मोठ्या शहरांतली हॉटेले आगाऊ सांगितल्यास भाजलेली टर्की सर्व साहित्यासह घरपोच देतात. पैसे मोजले की ओव्हनचा प्रश्न मिटतो. अमेरिकन सरकार परदेशी तळांवरील आपल्या सैनिकांसाठी दरवर्षी जहाजांनी आणि विमानांनी टर्की रवाना करते. घरापासून सर्वांत दूर गेलेली टर्की तर पृथ्वी सोडून गेली. १९६८ च्या नाताळात चंद्राला प्रदक्षिणा घालून परतणाऱ्या अपोलो ८ च्या प्रवाशांनी रश्शासह टर्की चमच्याने खाल्ली, आणि १९७३ साली स्कायलॅबवरील तिघांनी अंतराळातला पहिला थँक्सगिव्हिंग पाळला. जपानात टर्की इतकी दुर्मिळ, की ‘केंटकी फ्राइड चिकन’ या अमेरिकन कंपनीने १९७४ साली नाताळला तळलेली कोंबडी खाण्याचा प्रचार देशभर आरंभिला आणि जपानी कुटुंबांत ती चालच पडून गेली. आज तेथे नाताळच्या कोंबडीसाठी लोक आठवडे आधी मागणी नोंदवितात. पर्यायी वस्तूचीच परंपरा कशी होते, याचे याहून ठसठशीत उदाहरण सापडणे कठीण.

आणखी एक प्रसंग येथे सांगण्याजोगा आहे. २७ नोव्हेंबर २००३ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश हे अचानक बगदादला आपल्या सैनिकांच्या पंक्तीस गेले. सोनेरी भाजलेली अखंड टर्की ताटात घेऊन उभे असलेले त्यांचे छायाचित्र जगभर छापले गेले. पुढे उघड झाले, की ती टर्की खरी असली तरी पंक्तीच्या शोभेसाठी मांडलेली होती; सैनिकांच्या ताटात पडली ती उपाहारगृहातल्यासारख्या गरम परातींतून वाढलेली टर्की. या गोष्टीची तेव्हा पुष्कळ थट्टा झाली. थट्टेचा भाग सोडला तर तिच्यातून एक गोष्ट कळते. पोट भरावयास तुकडे पुरतात, पण सणाला अखंड पक्षी डोळ्यांपुढे लागतो. नैवेद्याच्या पानावर आपण अर्धी पुरणपोळी वाढत नाही, यामागचे कारण याहून निराळे नसावे.

अशा वेळी पर्याय कसा निवडावा, हा खरा प्रश्न. ‘मिळेल ते घ्या, भाव महत्त्वाचा’ असे म्हणणे सोपे आहे. ‘तीच वस्तू हवी, नाही तर सणच नको’ असे म्हणणेही सोपेच. दोन्हींत विचार करण्याचे श्रम वाचतात. परदेशात वर्षानुवर्षे हा दिवस पाळणारी अमेरिकन कुटुंबे जे करतात ते मात्र विचार करण्यासारखे आहे. वर आपण पाहिले, की टर्कीचे लक्षण तिचा आकार. मग लहान बिऱ्हाडात दोन माणसांसाठी टर्कीचे काप तळून खाल्ले तर मांस तेच, पण सण हुकला. जर्मनीत राहणाऱ्या कुटुंबाने बाजारात आयता मिळणारा हंस भाजला आणि सहा माणसे बोलाविली, तर पक्षी बदलला, सण मात्र आत राहिला. टोकियोत चार बिऱ्हाडे एकत्र आली, ज्याच्याकडे ओव्हन मोठा त्याने पक्षी केला आणि बाकीच्यांनी एकेक पदार्थ आणला, तर वस्तू आणि सण दोन्ही साधले. लाल भोपळ्याचा गर अमेरिकेत डब्यात आयता मिळतो. बाहेर तो मिळाला नाही म्हणून अडून बसण्याचे कारण नाही, भोपळा उकडून गाळला की झाले. स्वीडनमध्ये क्रॅनबेरीच्या जागी तेथल्या रानातली तसलीच लाल आंबट लिंगनबेरी चालते. पदार्थाने सणात कोणते काम करावयाचे असते ते ओळखावे, आणि ते काम जो करील तोच पर्याय घ्यावा, असा हा मार्ग आहे.

आपल्या घरांकडे याच दृष्टीने पाहता येईल. ओल्या नारळाचा प्रदेश मागे टाकून देशावर आणि पुढे माळव्यात स्थिरावलेल्या घरांतून तळणीचे मोदक होतात. सुक्या खोबऱ्याचे सारण घातलेला, कणकेचा, तळलेला मोदक हा कोकणातल्या उकडीच्या मोदकाहून कमी प्रतीचा असे कोणी म्हणेल तर ते आम्हांला मान्य नाही. एकवीसची गणती, नैवेद्याची वेळ, आणि चार जणींनी बसून पाऱ्या भरणे, ही मोदकाची कामे तो पुरी करतो. याउलट मिठायांच्या दुकानातून साच्यात पाडलेले खव्याचे मोदक पेटी भरून आणले, तर आकार मोदकाचाच राहतो, पण चार जणींचे बसणे जाते. हरकत नाही, प्रत्येक घराच्या अडचणी निराळ्या. तथापि आपण काय ठेवले आणि काय सोडले हे ठाऊक असावे. कारण वस्तू गेली की तिच्याबरोबर तिचे शब्दही जातात. ज्या घरात पातोळी होत नाही त्या घरातल्या नातीला ‘पातोळी’ हा शब्द येत नाही, हळदीच्या पानाचा वास येत नाही, आणि आजीला विचारावयाचा एक प्रश्न कमी होतो. दोनशे वर्षे परप्रांती राहिलेल्या समाजाला ही हानी किरकोळ नाही. म्हणून दर सणाला निदान एक पदार्थ तरी शोधून, श्रम करून, अस्सल करावा असे आम्ही म्हणू. शोधण्यातही एक लाभ आहे. परक्या गावी टर्की मागावयास गेलेल्या बाईला खाटकाशी त्याच्या भाषेत बोलावे लागते, कशासाठी हवी ते सांगावे लागते, आणि पुढच्या वर्षी तोच दुकानदार ‘यंदा केव्हा हवी?’ असे आपण होऊन विचारतो. सणाला गावात एक तरी माणूस ओळखणारा झाला!

आता थोडे आपल्या मुलांविषयी. आपल्यापैकी कित्येकांच्या घरचे कोणी ना कोणी आज अमेरिकेत शिकत अथवा नोकरी करीत आहे. या गुरुवारी तेथील विद्यापीठे ओस पडतात, आणि दूर देशाहून आलेल्या विद्यार्थ्यांना प्राध्यापक अथवा सहाध्यायी आपल्या घरी जेवावयास बोलावतात. आपल्या मुलीला असे निमंत्रण आले, तर ‘मी शाकाहारी आहे’ या संकोचाने तिने ते नाकारू नये असे तिला अवश्य लिहावे किंवा फोनवर सांगावे. मेजावर बटाटे, रताळी, भाज्या, पाव, भोपळ्याचा पाय असे पुष्कळ असते. आपण काय खात नाही ते आधी सांगावे, म्हणजे सारण पक्ष्याच्या पोटात भरलेले की निराळे केलेले, रस्सा मांसाचा की भाज्यांचा, हे यजमानीण बाजूला काढून ठेवू शकते. जाताना आपल्या हातचे काही करून न्यावे. त्या मेजाला माणसे हवी असतात हे आता आपल्याला ठाऊक आहे. जाणारी मुलगी तेथे ओझे होत नाही, सण पुरा करते.

आणि याची दुसरी बाजू आपल्या दारात आहे. बडोदे, इंदूर, हैदराबाद येथे शिक्षणासाठी, संशोधनासाठी, नोकरीसाठी अमेरिकन माणसे येऊन राहतात. हिंदुस्थानात टर्की अगदीच अप्राप्य नाही. केरळात आणि तामिळनाडूत ती पाळली जाते. सप्टेंबर २०२३ मध्ये कोंबड्यांच्या आयातीविषयीचा दोन्ही देशांतला जुना तंटा मिटला, तेव्हा गोठविलेली टर्की आणि क्रॅनबेरी यांवरील जकात उतरविण्याचे भारताने मान्य केले. तरीही आपल्या गावच्या बाजारात चौथ्या गुरुवारी ती हाताशी असेल अशी अपेक्षा कोणी करू नये. आपल्या आळीत असा कोणी एकटा अमेरिकन विद्यार्थी असेल, तर त्या आठवड्यात त्याला जेवावयास बोलवावे. टर्की नसली तरी चालेल. लाल भोपळ्याचे घारगे करावेत, करवंदाचे लोणचे वाढावे, आणि पाने मात्र दहा-बारा मांडावीत. शेजारच्या दोन घरांनाही सांगावे. तो दिवस कोणता हे आपल्याला ठाऊक आहे, एवढे त्याला कळले तरी पुष्कळ झाले.